विषय: पाचशे रुपये

मा. सचिव, हिरण्यकेशी पार्क, कळंबा रिंग रोड.
वणकुद्रे साहेब, हा तिसरा अर्ज.
पहिल्या दोहोंना पोच मिळाली,
उत्तर नाही.

रविवारी गडहिंग्लजहून मेव्हणा आला,
व्हॅनमध्ये घनसाळचं अर्धं पोतं
आणि ओल्या शेंगांची पाटी.
गाडी पाहुण्यांच्या चौकोनात, रेघेच्या आत;
तुमच्या सुभाननंच हात हलवत
'अजून मागं, अजून मागं' करून लावून घेतली.
मग जेवण. मग आदगोंडाला लागली झोप.
तांदूळ घेऊन आलेला माणूस
दोन तासांत कसा उठवायचा,
हे तुमच्या फलकावर लिहिलेलं नाही.
फलकही, खरं सांगायचं तर,
बोगनवेलीच्या मागं आहे. सोबत फोटो जोडला आहे.
फोटोत फक्त फुलं दिसतात.
तोच माझा मुद्दा आहे.

चार वाजता खाली उतरलो तर
पुढच्या चाकाला पिवळा जॅमर,
काचेवर पावती: शिस्त पार्किंग सेवा,
बारा मिनिटं जादा, रुपये पाचशे.
मेव्हणा खिशात हात घालायला लागला.
म्हटलं, थांब.
पाहुण्यानंच भरायचे
तर मी इथं फ्लॅट घेतला कशाला.

आता पुढचं अर्जात बसत नाही,
पण कागद उरला आहे.

कुलूप बघायला मी गुडघ्यावर बसलो.
पेटी बिडाची.
रंगावरनं बोट फिरवलं आणि थांबलो.
त्या कडेचा उतार माझा होता.

बत्तीस वर्षं शिरोलीत पॅटर्न केले, सागवानात.
दीड अंश पुरतो म्हणायचे, मी दोन द्यायचो,
वाळूतनं लाकूड निघताना कड मोडू नये म्हणून.
डाव्या कोपऱ्यात एकदा पटाशी घसरली होती,
ती खोच प्रत्येक नगावर उमटली,
या नगावरही आहे.
चौदा सालची ऑर्डर. मी विचारलं होतं, कसली पेटी?
फोरमन म्हणाला, असंल कुठल्यातरी कुलपाची.

ती कुठं फुटते ते मला ठाऊक आहे, साहेब.
बिजागरीच्या वर भिंत पातळ आहे,
बीड वाचवा म्हणाले होते.
चार पौंडी हातोड्याचा एक घाव.
हातोडा घरात आहे. दुसऱ्या मजल्यावर.
जिना मी चढायलाही लागलो होतो.

सुभान मागनं आला.
'काका, मीच लावून घेतली, मीच जॅमर घातला.
दिवसाला चार पावत्या फाडल्या न्हाईत
तर माझ्या पगारातनं जात्यात.
आणि ह्ये मोडलं तर
ह्येचं पण माझ्याच.'
शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होता,
सोडवत होता, परत गुंडाळत होता.

म्हणून पैसे भरले. मान्य म्हणून नव्हे.

तर मागणी:
एक, पाचशे परत.
दोन, ज्या सभेत हा ठराव झाला म्हणता
त्या सभेला मी होतो. लिफ्टवर दीड तास भांडण,
मग चहा, मग चहा कुणी सांगितला यावर भांडण.
पार्किंगचा शब्द निघाला नाही.
इतिवृत्त दाखवा.
तीन, बोगनवेल तोडू नका. फलक हलवा.
सुभानच्या पगारातनं काही कापलं
तर चौथा अर्ज येईल, आणि तो
कंपनीच्या नावानं असेल.

(शेंगांतल्या निम्म्या मेव्हणा जाताना
वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवून गेला.
तुम्ही तिथं उभं राहून खाल्ल्या असं समजलं.
त्याबद्दल तक्रार नाही.)

शेवटची विनंती, विषय सोडून.
हे जॅमर कधी मोडीत काढलेत
तर त्यातला एक मला हवा आहे.
नुसती पेटी, साखळी नको.
भंगाराच्या भावानं घेईन.
पावती द्यावी.

आपला,
बाळगोंडा मगदूम, बी-२०४